एका ओळीचा पॅच, पण क्रम चुकलेला

लिनक्सच्या एका टचस्क्रीन ड्रायव्हरचा पॅच, म्हणजे कोडमधला छोटा बदल, तपासायला आला होता. ड्रायव्हरचं मॉड्यूल काढताना कधीतरी कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, कोसळायचा. म्हणून सहकाऱ्याने ड्रायव्हर काढताना चालणाऱ्या रिमूव्ह फंक्शनमध्ये 'कॅन्सल_वर्क_सिंक'ची एक ओळ घातली होती; ती रांगेत ठेवलेलं वर्क, म्हणजे मागाहून करायचं काम, रद्द करते. पाहताक्षणी बरोबर वाटली. मी जवळजवळ होकार देणार होतो.

मग वर जाऊन ड्रायव्हर जोडताना चालणारं प्रोब फंक्शन वाचलं. इंटरप्ट, म्हणजे स्पर्श झाल्याचा हार्डवेअरचा इशारा, 'डेव्हएम_रिक्वेस्ट_आयआरक्यू'ने घेतलेला. अशी साधनं कर्नल आपोआप सोडतो, पण रिमूव्ह संपल्यावर, आणि घेतली त्याच्या उलट्या क्रमाने. म्हणजे वर्क रद्द झालं तरी इंटरप्ट अजून जिवंतच! त्या फटीत कोणी स्क्रीनला बोट लावलं की तो इशारा हाताळणारा हँडलर तेच वर्क पुन्हा रांगेत टाकणार. पुढे इंटरप्ट सुटतो, मेमरी मोकळी होते आणि वर्क त्या मोकळ्या मेमरीवर चालतं. पॅचने फट अरुंद केली होती, बुजवली नव्हती.

मेमरीच्या चुका पकडणारं केएसॅन चालू करून कर्नल बांधला, सिसएफएस या कर्नलच्या फाइल-व्यवस्थेतून ड्रायव्हर जोडण्या-सोडवण्याचं (बाइंड-अनबाइंडचं) लूप लावलं आणि स्क्रीनवर बोट फिरवत बसलो. थोड्याच वेळात यूज-आफ्टर-फ्रीचा, म्हणजे मोकळी केलेली मेमरी वापरल्याचा, अहवाल लॉगमध्ये आला. तो पुरावा जोडूनच उत्तर लिहिलं. नुसत्या शंकेवर कोणाचं काम अडवणं मला पटत नाही.

उपाय म्हणून वर्क रद्द करण्याची कृती डेव्हएमकडेच, म्हणजे आपोआप सोडणाऱ्या त्याच यंत्रणेकडे सोपवली, तीही इंटरप्ट मागण्याच्या आधी. उलट्या क्रमामुळे आता इंटरप्ट आधी सुटतो, मग वर्क रद्द होतं. सुधारित पॅचवर तेच लूप रात्रभर चाललं, लॉग स्वच्छ राहिला. चूक मुळात कोणत्या बदलाने आली ते सांगणारा 'फिक्सेस' टॅग लावायला सांगून मी सही केली.