मुलाखतीच्या खुर्चीत ताठ बसताय? या चुका टाळा

मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाचं मुख्यालय इंदूरलाच, त्यामुळे मुलाखतींचा हंगाम आला की रामबागेतल्या आमच्या बाहेरच्या खोलीत सरावाला मुलं येऊ लागतात. उत्तरं तयार असतात, शर्टाला कडक इस्त्री असते. पण खुर्चीत टेकली की निम्मी पोरं पाठीत फूटपट्टी खुपसल्यासारखी बसतात.

पहिली चूक हीच. "ताठ बस" हे लहानपणापासून ऐकलेलं, म्हणून पोट आत ओढून छाती पुढे काढायची. पण श्वास घेताना छातीखालचा पडदा खाली सरकतो आणि पोट थोडं पुढे यावं लागतं. पोट आवळलं की श्वास गळ्याशीच अडकतो, खांदे वरखाली होतात, आवाज पातळ होतो. परवा एका मुलीने ओढणीचं टोक बोटाला इतकं गुंडाळलं होतं की बोटाचं टोक पांढरं पडलं. तिला म्हटलं, "बाळा, तळवे मांडीवर ठेव, दोन्ही पावलं जमिनीवर टेकव, पोट सैल सोड आणि श्वास घेतलास त्याहून हळू सोड." पुढच्या उत्तराला तिचा आवाज चक्क खाली उतरला.

म्हणून पोक काढून बसावं असंही नाही. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडच्या संशोधकांनी 74 जणांच्या पाठीला पट्ट्या लावून काहींना ताठ, काहींना वाकून बसवलं आणि भाषण करायला लावलं. 2015 साली छापलेल्या या प्रयोगात ताठ बसलेल्यांचा मूड बरा राहिला, भीती कमी वाटली. वाकलेल्यांच्या बोलण्यात 'मी, मला' जास्त येत होतं.

दुसरी चूक म्हणजे आत जाण्याआधी बाथरूममध्ये कमरेवर हात ठेवून दोन मिनिटं उभं राहायचं आणि चमत्काराची वाट पाहायची. असं उभं राहिलं की शरीरातले हार्मोन बदलतात, असं सांगणारा या 'पॉवर पोझ'चा 2010 चा मूळ अभ्यास अवघ्या 42 जणांवर होता. 2015 मध्ये सुमारे 200 जणांवर तो पुन्हा केला, तेव्हा हार्मोन बदलल्याचं दिसलं नाही. जरा जोर आल्यासारखं वाटलं, इतकंच. 2016 मध्ये मूळ अभ्यासाच्या पहिल्या लेखिकेनेच आपला त्यावर विश्वास उरला नसल्याचं जाहीर केलं. करायचं तर करा, नुकसान काही नाही. (सकाळी भरपेट पोहे-जलेबी खाऊन जाऊ नका, हे मी जास्त ठासून सांगेन.)

तिसरी चूक माझ्या अंगाशी आलेली. कॉलेजात असताना गणेशोत्सवातल्या वक्तृत्व स्पर्धेत टाचा जुळवून, गुडघे मागे खेचून उभी होते. पाहुण्यांचं भाषण लांबलं. आवाज विहिरीतून आल्यासारखे वाटू लागले, आणि डोळे उघडले तेव्हा मी सतरंजीवर, कुणीतरी वही घेऊन वारा घालतंय. पोटऱ्यांचे स्नायू हलले की पायातलं रक्त वर ढकललं जातं. पुतळ्यासारखं उभं राहिलं की ते खालीच साचतं आणि रक्तदाब कोसळू शकतो. गुडघे किंचित सैल ठेवा, वजन या पायावरून त्या पायावर घ्या, बुटातल्या बुटात बोटं आवळा-सोडा. अंधारी येतेय असं वाटलं तर लाज न बाळगता खाली बसा. वारंवार होत असेल तर डॉक्टरांना दाखवा.

"सगळं केलं, तरी छाती धडधडतेच," अशी तक्रार हमखास येते. धडधडणारच! अ‍ॅड्रेनालिन हे घाबरल्यावर सुटणारं हार्मोन काही सेकंदांत काम सुरू करतं, खुर्चीत कसं बसलात याने ते थांबत नाही. धडधड असतानाही श्वास आणि आवाज ताब्यात राहिला की पुरे.

कॉर्टिसॉल या ताणाच्या दुसऱ्या हार्मोनचं तर आणखी वेगळं: ताण सुरू झाल्यावर साधारण 20 ते 30 मिनिटांनी ते सर्वांत वर जातं, म्हणजे बरेचदा तुम्ही खोलीबाहेर पडत असता तेव्हा. त्या वेळी फाटकाशी मोबाइलवर वाकून चुकलेली उत्तरं मोजत बसू नका. थोडं चाला, पाणी प्या. हात थरथरत असतील तर स्कूटरची किल्ली दहा मिनिटं खिशातच राहू द्या.