मुलांसह बऱ्हाणपूर: शिलालेखापासून सुरुवात करा

जळगाव-भुसावळकडच्या कुटुंबाला फारुकी राजवटीचा मध्ययुगीन वारसा दाखवायचा असेल, तर जुन्या खानदेशची राजधानी असलेले बऱ्हाणपूर एका दिवसात पाहून होते. भुसावळ-खंडवा मार्गावरील गाडीने सकाळीच निघावे.

सुरुवात किल्ल्यापासून न करता जामा मशिदीपासून करावी, असे माझे मत आहे. तेथील अरबी लेखाच्या सोबतीने आतल्या भिंतीवर देवनागरी लिपीतील संस्कृत शिलालेख कोरलेला असून त्यात फारुकी घराण्याची वंशावळ, संवत १६४६, शके १५११ आणि पंचांगात द्यावी तशी तिथीही दिलेली आहे. मुलांना जागा न सांगता ओळखीची अक्षरे शोधू द्यावीत आणि मग वहीत इसवी सन काढायला सांगावे. शकात ७८ मिळवून १५८९ असे उत्तर येईल. पण महिना पौष असल्याने जानेवारी उजाडलेला होता, म्हणून वर्ष १५९०, हे त्यांनाच उलगडू द्यावे. शुक्रवारी दुपारी नमाजाची गर्दी असते, तो दिवस टाळावा.

शाही किल्ल्यातील हमामखान्यात छतावरील नक्षी पाहण्यासाठी मान वर करून थोडे थांबावे लागते. पंपाशिवाय भूमिगत पाणी शहरात आणणारा १६१५ चा कुंडी भंडारा गावाबाहेर आहे. खाली उतरण्याची सोय चालू आहे का, याची आधी चौकशी करावी. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर असावी, कारण भुकेलेली मुले इतिहास ऐकत नाहीत.