फायनलमधल्या डिफेंडरवर भांडताय? मग या चुका टाळा

स्ट्रायकरवरचा वाद तसा लवकर मिटतो, गोल मारले का नाही मारले ते मोजा आणि गप्प बसा. डिफेंडरचं तसं नाही ना. २०२२ च्या वर्ल्डकपच्या अर्जेंटिना-फ्रान्स फायनलचा विषय निघाला आणि कोणी अर्जेंटिनाच्या डिफेंडर ओटामेंडीचं नाव काढलं की आजही लगेच दोन गट पडतात. एक म्हणतो याने हातातली मॅच घालवलेली, गोलकीपर मार्टिनेझ होता म्हणून वाचले, आणि दुसरा म्हणतो अरे ७९ मिनिटं फ्रान्सला श्वास घेऊ दिला नाही तो डिफेन्स कोणाचा होता मग? गंमत म्हणजे दोघांनी परत बघितलेली असते ती एकच क्लिप, वीस सेकंदांची. हे वाद नेहमी त्याच त्याच जागी अडकतात, म्हणून एकदा लिहून टाकतो.

गोल झाला तिथेच व्हिडिओ पॉज करणं

ही सगळ्यात मोठी चूक आहे आणि जवळजवळ सगळेच करतात. एम्बाप्पेचा ८१व्या मिनिटाचा गोल घ्या, तो व्हॉलीवाला. त्या क्षणाला फोटो काढला की दिसतं काय, एम्बाप्पे मोकळा, अर्जेंटिनाचे डिफेंडर एक पाऊल मागे, आणि मग सुरू, मोलिना कुठे होता, रोमेरो काय करत होता. आता तोच व्हिडिओ जरा मागे न्या. मिडफिल्डमधे कोमानने मेस्सीकडून बॉल काढून घेतलाय. हो, मेस्सीकडून. अर्जेंटिना पुढे जायच्या तयारीत होती आणि बॉल अचानक उलटा फिरला, राबियोने तो वर टाकला, एम्बाप्पेने डोक्याने थुरामला दिला, थुरामने परत पुढे ठेवला आणि त्याने जमिनीवर पडायच्या आत मारला. यात शेवटच्या दोन सेकंदांत डिफेंडर कमी पडले हे मान्य, पण सुरुवात त्यांनी केली नव्हती. मेस्सीचं नाव घेतलं तर लोक ग्रुपमधून काढतील म्हणून सगळा माल मोलिनाच्या खात्यावर टाकायचा हे काही बरोबर नाही राव.

त्यामुळे गोलच्या आधीचे किमान दहा-पंधरा सेकंद बघा, बॉल गेला कुठे, तेव्हा कोण पुढे चढलेलं होतं आणि मागे किती जण उरले होते हे बघितल्याशिवाय नाव घेऊच नका.

आणि उलटंही आहे हां. त्याच्या आधीची पेनल्टी, ती ओटामेंडीचीच चूक होती, त्यात कारणं शोधायची गरज नाही. लांब बॉल आला, त्याने टप्पा पडू दिला, कोलो मुआनी गोलच्या बाजूने आत शिरला आणि मग हात लावून धरण्याशिवाय काही उरलं नाही. ३४ वर्षांच्या, एवढ्या मॅच खेळलेल्या स्टॉपरने (म्हणजे मधल्या डिफेंडरने) तो बॉल आधीच डोक्याने उडवायला पाहिजे होता. आवडता प्लेयर असला म्हणून प्रत्येक वेळी सिस्टीमवर ढकलायचं, ही पण चूकच.

एका क्षणावरून अख्खा माणूस ठरवणं

अर्जेंटिनाचाच डिफेंडर मॉन्टिएल आठवतो? एक्स्ट्रा टाइममधे मेस्सीने ३-२ केलं होतं, कप जवळजवळ घरी आला होता, आणि एम्बाप्पेचा शॉट याच्या हाताला लागला. पेनल्टी, ३-३. मग शूटआऊटमधे जिंकून देणारी शेवटची पेनल्टी कोणी मारली, यानेच. आज लोकांना दुसरं लक्षात आहे, पहिलं नाही. कोमानची पेनल्टी मार्टिनेझने अडवली नसती आणि चुआमेनीने बाहेर मारली नसती तर बरोबर उलटं झालं असतं, म्हणजे त्याच माणसाचा त्याच संध्याकाळचा खेळ, पण निकाल दुसऱ्यांच्या पेनल्ट्यांवर.

२००६ च्या वर्ल्डकपमधला इटलीचा डिफेंडर माटेराझी तर याच्या पुढचा. बर्लिनला फ्रान्सविरुद्ध फायनल, सातव्या मिनिटाला याच्यामुळे पेनल्टी मिळाली, झिदानने ती मारली. एकोणिसाव्या मिनिटाला यानेच हेडरने बरोबरी केली. एक्स्ट्रा टाइममधे झिदानने याच्याच छातीत डोकं घातलं आणि रेड कार्ड घेऊन गेला. शूटआऊटमधे याने स्वतःची पेनल्टी पण मारली. आता ठरवा व्हिलन का हिरो! आणि हा मूळ टीममधला पहिल्या पसंतीचा स्टॉपर पण नव्हता, नेस्टाला ग्रुप स्टेजला दुखापत झाली म्हणून आत आला. या सगळ्या गोंधळात शेजारी कानावारो सगळ्या स्पर्धेत काय खेळला हे फायनलच्या क्लिपमधे दिसतच नाही. इटलीने त्या आख्ख्या वर्ल्डकपमधे दोनच गोल खाल्ले, एक स्वतःच्याच माणसाचा अमेरिकेविरुद्ध आणि दुसरा ही झिदानची पेनल्टी. चालू खेळात समोरच्या टीमच्या एकाही प्लेयरला गोल मारता आला नाही, सात मॅचमधे. म्हणून त्या वर्षीचा बॅलन डीओर, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम प्लेयरचा किताब, कानावारोला गेला, आणि त्यानंतर तो कुठल्याच डिफेंडरला मिळालेला नाही.

टॅकल मोजत बसणं

मॅच संपली की कोणीतरी आकडे टाकतो, याचे टॅकल सात, त्याचे दोन, म्हणजे हा भारी. अरे पण टॅकल करायची वेळ का आली ते पण बघा. स्टॉपर सारखा जमिनीवर घसरत असेल तर बऱ्याचदा पुढचे लोक बॉल सोडत असतात किंवा तो स्वतः जागेवर नसतो.

लुसेलच्या, म्हणजे त्याच २०२२ च्या फायनलच्या, पहिल्या हाफमधे फ्रान्सचा एक शॉट नाही. ऑन टार्गेट नाही म्हणत मी, शॉटच नाही. पण त्याचं श्रेय नुसतं रोमेरो-ओटामेंडीला देऊ नका, त्याच्यात निम्मं काम पुढे खेळणाऱ्या डी मारियाचं आहे. कोच स्कालोनीने त्याला डावीकडे खेळवलं, तिथे फ्रान्सचा डिफेंडर कुंडे एकटा पडला आणि डेम्बेलेला सारखं मागे यावं लागलं, त्यातच डेम्बेलेने डी मारियाला पाडलं आणि २३व्या मिनिटाला पेनल्टीवर गोल झाला. दुसऱ्या बाजूला मोलिनाच्या मदतीला डी पॉल सारखा सरकत होता त्यामुळे एम्बाप्पेला बॉल मिळाला तरी समोर दोघं. फ्रान्सच्या कोच डेशाँने हाफटाइमची पण वाट बघितली नाही, ४१व्या मिनिटाला जिरू आणि डेम्बेले दोघांना बाहेर काढलं.

मग ६४व्या मिनिटाला डी मारिया बाहेर, अकुन्या आत. कागदावर हा डिफेन्स घट्ट करायचा बदल. माझ्या मते ओटामेंडीच्या चुकीपेक्षा या बदलाने जास्त नुकसान केलं, कारण फ्रान्सची ती बाजू मोकळी झाली, मागे बघायची गरजच उरली नाही, आणि हळूहळू सगळा खेळ अर्जेंटिनाच्या बॉक्सकडे सरकला. यावर भांडायला या, हा वाद घालण्यासारखा आहे. टॅकल किती हा नाही.

क्लीन शीट (मॅचमधे एकही गोल न खाणं) म्हणजे डिफेंडरची, असं धरून चालणं

२०१९ ची चॅम्पियन्स लीग फायनल, माद्रिद, लिव्हरपूल २-० टॉटनहॅम. लिव्हरपूलच्या डिफेंडर व्हॅन डाईकचं कौतुक झालं आणि व्हायलाच पाहिजे, त्या वर्षी तो बॅलन डीओरला मेस्सीच्या फक्त ७ पॉइंट मागे राहिला, ६८६ विरुद्ध ६७९. पण त्या रात्री त्यांच्या गोलकीपर अलिसनने ८ शॉट अडवले होते, ते सोयीने विसरू नका.

नावं बघून डिफेन्स ठरवणं

काफू, स्टॅम, नेस्टा, माल्दिनी. याच्यापेक्षा भारी चार नावं एका ओळीत लिहून दाखवा. २००५ ची चॅम्पियन्स लीग फायनल, इस्तंबूल, हाफटाइमला मिलान लिव्हरपूलविरुद्ध ३-० पुढे, त्यातला पहिला गोल तर पहिल्याच मिनिटात माल्दिनीने स्वतः मारलेला. नंतर सहा मिनिटांत तीन गोल खाल्ले आणि शूटआऊटमधे कप घालवला. बस, एवढंच.

आपल्याकडे वेगळा नियम लावणं

परदेशातल्या डिफेंडरवर आपण इतकं बारीक बोलतो आणि आयएसएलमधे (इंडियन सुपर लीग) मात्र "ओन गोल मारला, संपला तो" एवढ्यात विषय बंद. २०२१ ची फातोर्ड्याची फायनल, मोहन बागानच्या तिरीने स्वतःच्याच गोलमधे हेडर मारला, शेवटी मुंबई सिटी २-१ जिंकली. तेव्हा त्याला काय काय बोलले लोक. पुढे त्याच तिरीला मुंबईनेच घेतलं, आणि २०२४ च्या फायनलला मोहन बागानला ३-१ हरवणाऱ्या टीमचा तो स्टॉपर होता.

आणि मुंबईचाच राहुल भेके बघा. २०१९ ची फायनल मुंबईतच झाली, एफसी गोवाविरुद्ध बेंगळुरूकडून ११७व्या मिनिटाला त्याचा हेडर, १-०. सगळ्यांना तो हेडर आठवतो. पण समोर त्या सीझनला सगळ्यात जास्त, १६ गोल मारणारा कोरो होता आणि त्याच्या टीमला पूर्ण १२० मिनिटं एकही गोल मारू दिला नाही, यावर कोणी दोन ओळी पण लिहीत नाही. डिफेंडरला नाव मिळवायला पण गोलच मारावा लागतो आपल्याकडे.

वाद अडकलाच तर

समोरचा "पण पेनल्टी दिली ना" यावरच गोल गोल फिरत असेल तर त्याला विचारा, बाकीच्या मिनिटांत त्या प्लेयरच्या मागे किती वेळा बॉल गेला? उत्तर नसेल तर त्याने मॅच बघितलेली नाही, रील बघितलंय.

रेटिंगचा स्क्रीनशॉट टाकला तर ते रेटिंग कशावर काढतात ते विचारा. डिफेंडर नुसता बरोबर जागी उभा राहिला म्हणून समोरच्याने पासच दिला नाही, ते त्या आकड्यात फारसं येत नाही.

जुना विरुद्ध नवा सुरू झालं, बारेसी का व्हॅन डाईक वगैरे, तर एक मुद्दा आधीच टाकून ठेवा. १९९२ च्या आधी डिफेंडरने मागे पास दिला की गोलकीपर तो सरळ हातात घ्यायचा, प्रेशर आलं की सुटका तयार. आता ती सोय नाही, त्यामुळे पायात बॉल ठेवता न येणारा स्टॉपर मोठ्या टीममधे टिकत नाही. उलट बाजूने, तेव्हा मागून घातलेले जे टॅकल चालून जायचे त्यावर आज रेड कार्ड निघेल. दोन्ही धरून बोला.

आणि अर्जेंटिनावाला फारच उड्या मारायला लागला तर त्याला एकच विचारा. १२०+३, स्कोअर ३-३, मागून कोनातेने लांब बॉल टाकला आणि कोलो मुआनी मार्टिनेझसमोर एकटा. मार्टिनेझचा तो पाय सगळ्यांच्या डीपीला आहे, पण वर्ल्डकपच्या शेवटच्या मिनिटाला कोलो मुआनीला एकटं सोडलं कोणी?