नाताळची रोषणाई सोपी करायची असेल तर दिवाळीतच कामाला लागा

नाताळच्या आठवड्यात नागपुरात सदर, मोहननगर, मेकोसाबागच्या बाजूनं संध्याकाळी फेरी मारली की गेट, गच्च्या, झाडं उजळलेली दिसतात. त्यातल्या कितीतरी घरी हे काम 23 तारखेच्या रात्री, थंडीत, शिडीवर उभं राहून उरकलेलं असतं. इतकी दमछाक करायची काहीच गरज नाही. बरीचशी तयारी दिवाळीच्या आगेमागे होऊ शकते, आणि तेव्हा ती निम्म्या त्रासात होते.

तारखेपासून सुरुवात करा. आगमनकाळाचा, म्हणजे नाताळाआधीच्या तयारीच्या काळाचा, पहिला रविवार 27 नोव्हेंबर ते 3 डिसेंबरच्या दरम्यान येतो. त्या दिवशी निदान चांदणी लागलेली असावी आणि बाकीची रोषणाई त्याच आठवड्यात पुरी व्हावी. डिसेंबरच्या मध्यापासून नाताळची गाणी गाणारे कॅरलवाले घरोघरी फिरू लागतात, स्वयंपाकघरात फराळाचा आणि केकचा घाट सुरू होतो, मग शिडीला हात लावायला सवड मिळत नाही. शिवाय तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई सुरू होते आणि इलेक्ट्रिशियन हाती लागत नाही. बाहेर नवा सॉकेट बसवायचा असेल तर त्याला दिवाळीपूर्वीच, रंगरंगोटीच्या दिवसांत बोलवा. भिंतीत हूक ठोकायचे तेही तेव्हाच. चांगले गंज न धरणारे हूक एकदा पक्के बसले की दिवाळी आणि नाताळ दोन्हींना चालतात.

पुढची पायरी कागदाची. रस्त्यापलीकडे उभं राहून घराचा मोबाइलवर फोटो काढा, आणि माळा कुठून कुठे जातील ते त्यावर रेघांनी आखा. गच्चीचा कठडा, छज्जा, गेट, कंपाउंडची भिंत यांची लांबी टेपनं मोजा. सॉकेटपासून पहिल्या दिव्यापर्यंतचं अंतर मोजायला बहुतेक जण विसरतात, आणि नेमकी तिथेच वायर कमी पडते. सगळीकडे थोडं थोडं लावण्यापेक्षा दोन-तीन जागा निवडून त्या भरगच्च सजवाव्यात, असं माझं स्पष्ट मत आहे. कठड्याची एक सरळ रेघ, दारावर मोठी चांदणी आणि एखादं झाड, एवढ्यानं घर उठून दिसतं. कामही एका दुपारी आटोपतं.

खरेदी दिवाळीनंतर लगेच करा. इतवारीत, सीताबर्डीत तेव्हा उरलेल्या माळा दुकानदार कमी भावात काढतात. प्रत्येक माळ दुकानातच लावून बघा. पाकिटावर बाहेर वापरायची असल्याचं लिहिलेलं हवं. माळ पाणी-धूळ किती सोसते ते आयपीच्या आकड्यावरून कळतं: आयपी 44 असेल तर शिंतोडे सोसते, उघड्या गच्चीवर आयपी 65 बरी. नागपुरात डिसेंबरात दव पडतं, एखादी अवकाळी सरही येऊन जाते. कागदी चांदणी त्यामुळे पोर्चमध्येच टांगावी, उघड्यावर प्लास्टिकची.

विजेचा हिशेब सोपा आहे. 10 वॅटच्या 10 एलईडी माळा म्हणजे 100 वॅट. रोज 5 तास धरले तर 30 दिवसांत 15 युनिट. बिलाची धास्ती नको. काळजी घ्यायची ती जोडण्यांची.

इथे जरा थांबून लिहितो, कारण दरवर्षी हेच दिसतं. प्लग कापून टाकायचा, वायरची उघडी टोकं सॉकेटमध्ये घालायची आणि काडेपेटीच्या काड्या खोचून ती घट्ट बसवायची. हे कृपा करून करू नका. काडी सैल पडली की ठिणगी उडते, आणि पोरासोरांचा हात तिथे सहज पोचतो. वायर पिळून टेप गुंडाळलेले जॉइंटही दवात भिजतात. जोडणी ही प्लगनंच व्हावी आणि बाहेरचा बोर्ड छताखाली, जमिनीपासून वर असावा. वायर सॉकेटकडे नेताना ती आधी सॉकेटच्या खाली झोळीसारखी लोंबू द्या आणि मग वर घ्या, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी झोळीच्या तळाशी गळून पडतं, सॉकेटमध्ये शिरत नाही. एकाला एक जोडून किती माळा चालतात ते पाकिटावर असतं, त्यापलीकडे जाऊ नका.

लोखंडी गेट आणि ग्रिलला जास्त जपा. गेट उघडझाप होताना वायर पत्र्याच्या धारेवर घासते, आवरण फाटतं आणि अख्ख्या गेटमध्ये करंट उतरू शकतो. गेटवर अडॅप्टरवर चालणारी कमी व्होल्टची माळच लावा, आणि तीही न हलणाऱ्या खांबांवर. घरच्या मीटरबोर्डात 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज आपोआप तोडणारा स्विच, आहे का, हे इलेक्ट्रिशियनला विचारा. असेल तर त्याचं टेस्टचं बटण दाबून बघा, त्याचा खटका झटक्यात खाली पडला पाहिजे.

जुन्या गल्ल्यांत विजेच्या तारा गच्चीच्या अगदी जवळून जातात. चांदणीसाठी उंच लोखंडी पाइप उभा करण्याआधी वर बघा. तारा जवळ असतील तर तो बेत सोडून चांदणी दाराशीच टांगा.

प्रत्यक्ष लावण्याचं काम दिवसाढवळ्या, दोघांनी मिळून करावं. सगळ्या माळा आधी पलंगावर पसरून तासभर चालू ठेवा, रुसलेली माळ वर चढवूच नका. बांधायला प्लास्टिकचे केबल टाय किंवा जुन्या सुती कापडाच्या पट्ट्या घ्या. बाइंडिंगची तार वायरचं आवरण कापते. खिळा तर वायरवर कधीच ठोकू नये. झाडाला माळ सैल गुंडाळा. येशूजन्माच्या देखाव्यातल्या गव्हाणीत तणस अंथरलेलं असतं, त्यामुळे तिथे गरम होणारे जुने बल्ब मुळीच नकोत.

टायमरचा प्लग घेतलात तर रोजची आठवण ठेवण्याची कटकट संपते. नागपुरात या दिवसांत साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा साडेपाच ते साडेदहा पुरे. त्यानंतर शेजाऱ्यांना आणि झाडावरच्या पाखरांना अंधार मिळू द्या. नाताळच्या रात्री अर्थात चर्चमधली मिस्सा, म्हणजे मुख्य उपासना, होईपर्यंत दिवे राहू देत.

6 जानेवारीला तीन राजांचा सण झाला की माळा उतरवा. लांबवू नका, कारण संक्रांतीआधीच पतंगांचा जोर वाढतो, गच्चीवरच्या माळांत मांजा अडकतो आणि ओढाताणीत वायर तुटते. उतरवताना प्रत्येक माळ कोरडी पुसा, पुठ्ठ्याच्या तुकड्यावर गुंडाळा आणि पुठ्ठ्यावर जागा लिहा: कठडा डावीकडून, छज्जा, गेटचा खांब. गच्चीवरच्या टिनाच्या खोलीत ठेवू नका. मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, टिनाखाली त्याहून जास्त तापतं, आणि वायरचं आवरण कडक होऊन तडकतं. खालच्या खोलीतल्या कपाटात, झाकणाच्या डब्यात ठेवा. त्याच डब्यात रेघा आखलेला फोटो छापून घाला आणि मागे लिहून ठेवा की कुठे वायर कमी पडली, कोणती माळ गेली, किती टाय लागले. पुढच्या दिवाळीनंतर बाजारात जाताना हाच कागद खिशात घालून निघा.