स्पेक्ट्रमची जुनी कॅसेट लोड कशी करायची

कपाटात सिंक्लेअर झेडएक्स स्पेक्ट्रमची कॅसेट सापडली ना, तर कृपा करून ती लगेच मशीनला लावू नका, आधी कॉपी करून घ्या. १९८२ ला ब्रिटनमध्ये आलेला हा घरगुती कॉम्प्युटर, त्याचे गेम आणि प्रोग्राम साध्या ऑडिओ कॅसेटवर विकायचे, आणि त्या टेपा आता चाळीसेक वर्षांच्या झाल्यात, एकदा रोलरमध्ये गुंतली की गेली.

पेन्सिल घालून पट्टीचा ढिलेपणा काढा, प्लेअरचं हेड (टेप वाचणारा भाग) स्पिरिटच्या बोळ्याने पुसा, मग इअरफोनच्या भोकातून वायर लॅपटॉपच्या लाइन-इनला, ऑडॅसिटी या आवाज रेकॉर्ड करायच्या सॉफ्टवेअरमध्ये मोनो रेकॉर्डिंग. सेव्ह वेव्ह (WAV) फाइलमध्येच करा, एमपीथ्री केलं तर आवाजाच्या बारीक कडा जातात आणि डेटा तिथेच असतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, कान. सुरुवातीला पाचेक सेकंद एकसुरी शिट्टी येते, मग छोटी किर्रर्र (त्यात प्रोग्रामचं नाव असतं), परत शिट्टी, मग लांबलचक खरखर. ही खरखर पांघरुणाखालून आल्यासारखी दबकी वाटली तर हेड तिरकं आहे. हेडशेजारी स्प्रिंगवाला बारीक स्क्रू असतो, त्याची मूळ जागा मार्करने खूण करून ठेवा आणि टेप चालू ठेवून अगदी थोडा थोडा फिरवा, आवाज एकदम धारदार होऊन कानाला टोचायला लागला की थांबा. ह्याला घाई करू नका, निम्म्या "खराब" कॅसेटा इथेच जिवंत होतात.

मशीन लावताना अडॅप्टर नीट बघा, ९ व्होल्टचा आणि मधली पिन निगेटिव्ह, हल्लीचे बरेचसे अडॅप्टर बरोब्बर उलटे असतात आणि उलटा लावला तर बोर्ड जळू शकतो.

मग लॅपटॉप मोनो वायरने स्पेक्ट्रमच्या इअर सॉकेटला जोडा, व्हॉल्यूम पाऊण. स्पेक्ट्रमवर 'जे' (J) हे बटण दाबलं की लोड हा अख्खा शब्द उमटतो, मग सिम्बॉल शिफ्ट धरून पी दोनदा, एंटर, आणि रेकॉर्डिंग चालू करा. पडद्याच्या कडेला लाल-आकाशी पट्टे सारख्या जाडीचे सरकायला लागले की शिट्टी पकडली, निळे-पिवळे म्हणजे डेटा आत चाललाय. ४८ के (किलोबाइट मेमरी) चा प्रोग्राम असेल तर चार-पाच मिनिटं लागतात, तेवढ्यात वायरला हात लावू नका. टेप लोडिंग एरर आला तर व्हॉल्यूम जरासा कमी-जास्त करून पहिल्यापासून परत.