जिओकॅशिंगसाठी पहिलं हँडहेल्ड जीपीएस घेताय? या चुका टाळा

जिओकॅशिंग म्हणजे कुणीतरी लपवलेला डबा त्याच्या अक्षांश-रेखांशांवरून शोधून काढण्याचा खेळ. त्याची गोडी लागली की लवकरच प्रश्न पडतो: आता हातात धरायचं स्वतंत्र जीपीएस घ्यायचं का, आणि घ्यायचं तर कुठलं? अमेरिका-युरोपात राहणाऱ्या मराठी मंडळींना हा प्रश्न जास्त पडतो, कारण तिथे घराजवळच्या पायवाटेवरही डबे लपवलेले असतात. भारतात ते विरळ आहेत, बहुतेक मोठ्या शहरांत आणि पर्यटनस्थळांच्या आसपास. खेळ कुठेही खेळा, पहिलं यंत्र घेताना होणाऱ्या चुका मात्र त्याच असतात.

माझं मत आधीच सांगतो. खुल्या आभाळाखाली स्वस्त आणि महाग यंत्रांच्या अचूकतेत नवख्याला जाणवेल एवढा फरक नसतो. फरक पडतो तो तीन गोष्टींनी: डब्यांची माहिती यंत्रात किती सहज भरता येते, एका जागी उभं असताना दिशा कळते का, आणि भर रानात सेल संपले तर पुढे काय.

फोनवर न खेळताच यंत्र घेणं

जिओकॅशिंगचं अधिकृत ॲप फुकट आहे. फुकट सदस्यांना त्यात सगळे डबे दिसत नाहीत, पण सुरुवातीला पुरतील एवढे दिसतात. प्रत्येक डब्याच्या पानावर दोन आकडे असतात: शोधायला किती कठीण आणि वाट किती कठीण. दोन्ही १ ते ५ मध्ये. १ किंवा १.५ वाले डबे निवडा, आणि आकार 'स्मॉल' किंवा 'रेग्युलर' असलेलेच घ्या. 'मायक्रो' म्हणजे फिल्म रोलच्या जुन्या डबीएवढा, नॅनो तर बोटाच्या पेराएवढा. पहिल्याच दिवशी असा डबा शोधायला गेलात तर हाती काही लागत नाही आणि दोष बिचाऱ्या फोनला मिळतो.

थोडे डबे सापडले की आपला कल कळतो. बागा आणि शहरातले रस्ते आवडत असतील तर फोन पुरतो, पैसे वाचवा. हँडहेल्ड कामाला येतं ते रेंज नसलेल्या जंगलात, पावसात, कडाक्याच्या थंडीत आणि दिवसभराच्या चालीत.

अचूकतेच्या आकड्याला भुलणं

मे २००० च्या आधी नागरी जीपीएसमध्ये अमेरिकी लष्कर मुद्दाम चूक मिसळत असे, त्यामुळे यंत्रं शंभर मीटरपर्यंत चुकायची. राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या आदेशाने १ मेच्या मध्यरात्री ती बंद झाली. ३ मे रोजी डेव्ह अल्मर यांनी ऑरेगनमधल्या बीव्हरक्रीकजवळ एक बादली लपवली आणि तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर जाहीर केले. हा खेळ तिथून सुरू झाला. म्हणजे अचूकतेची खरी उडी तेव्हाच झाली. आज खुल्या जागी चांगला फोन असो की हँडहेल्ड, दोन्ही साधारण ३ ते ५ मीटरच्या आत असतात.

त्यात एक गोष्ट नवखे विसरतात. डबा लपवणाऱ्याचं यंत्रही तेवढंच चुकलेलं असतं. त्याची चूक आणि तुमची चूक विरुद्ध दिशेला पडली तर यंत्र 'शून्य मीटर' दाखवत असताना डबा दहा मीटरवर असू शकतो. पडद्यावर जो '± ३ मीटर' दिसतो तो यंत्राने स्वतःच काढलेला अंदाज असतो. खात्री म्हणून त्याच्याकडे पाहू नका.

म्हणून अंतर दहा मीटरच्या खाली आलं की यंत्र खिशात टाका आणि डोळे वापरा. अगदी पायाखालच्या आकड्यासाठी पुढे-मागे नाचत राहिलात तर बाण वेड्यासारखा फिरतो, कारण तेवढ्या अंतरात उपग्रहांचा हिशेबच डळमळीत असतो. त्यापेक्षा पंधरा-वीस मीटर मागे या, दुसऱ्या बाजूने सावकाश चालत पुन्हा जा, आणि दोन्ही वेळा बाण कुठे बोट दाखवतो ते पाहा. दोन रेषा जिथे एकमेकींना छेदतात तिथल्या गोष्टी तपासा: झाडाची ढोली, दगडांचा अनैसर्गिक ढीग, कुंपणाच्या खांबाचं टोपण. सह्याद्रीत किंवा कोकणात खेळत असाल तर कपारीत नुसता हात घालू नका. तिथे फुरसं आणि विंचू दोन्ही असतात. आधी काठीने चाचपा, बॅटरीच्या उजेडात बघा.

उंच कड्यांखाली, दाट ओल्या झाडीत आणि उंच इमारतींच्या गल्लीत उपग्रहांच्या रेडिओ लहरी आपटून येतात आणि सगळीच यंत्रं बहकतात. तिथे मात्र दोन वारंवारतांवर ऐकणाऱ्या मॉडेलचा, उदाहरणार्थ गार्मिन कंपनीच्या जीपीएसमॅप ६५ चा, खरा उपयोग होतो. पण तो दुसऱ्या खरेदीचा विचार आहे.

होकायंत्र नसलेलं मॉडेल उचलणं

माझ्या लेखी ही सगळ्यात महाग पडणारी काटकसर. नुसत्या जीपीएसला तुम्ही चालत असाल तरच दिशा कळते, कारण आधीची जागा आणि आताची जागा जोडून ते दिशा काढतं. थांबलात की बाणाला अर्थ उरत नाही. आणि डब्याजवळ आल्यावर माणूस थांबतोच. आत इलेक्ट्रॉनिक होकायंत्र असेल तर उभ्या उभ्याही बाण खरी दिशा दाखवतो.

गार्मिनच्या ईट्रेक्स २२एक्स आणि ३२एक्स या जोडीत मोठा फरक हाच आहे: ३२एक्समध्ये तीन अक्षांचं होकायंत्र आणि हवेच्या दाबावर चालणारा उंचीमापक आहे, २२एक्समध्ये दोन्ही नाहीत. २०१९ मध्ये बाजारात आल्या तेव्हा दोघींच्या किमतीत शंभर डॉलरचं अंतर होतं. जीपीएसमॅप ६४ आणि ६४एस, ६५ आणि ६५एस यांच्यातही तेच. शेवटचा 'एस' असेल तर ही साधनं आत आहेत. २०२३ मध्ये आलेल्या ईट्रेक्स एसईमध्ये कमी किमतीतच होकायंत्र दिलंय, म्हणून नवख्यांना मी आधी तेच दाखवतो. पडदा रंगीत नाही, तपशीलवार नकाशे भरता येत नाहीत, पण ते फोनशी जोडलं की डबे थेट आत येतात.

होकायंत्र असूनही बाण चुकत असेल तर आधी ते कॅलिब्रेट करा, म्हणजे त्याची दिशा नव्याने जुळवून घ्या. सेल बदलल्यावर, दूरचा प्रवास केल्यावर किंवा तापमान एकदम बदललं की हे लागतंच. गाडीपासून, लोखंडी कुंपणापासून लांब उभं राहून पडद्यावर सांगितल्याप्रमाणे यंत्र फिरवायचं. चुंबकाने बंद होणारं फोनचं पाकीट जवळ असेल तर तेही लांब ठेवा.

अक्षांश-रेखांशाची लिहिण्याची पद्धत न पाहणं

'यंत्र खराब आहे' अशा तक्रारींचं मूळ बरेचदा इथेच सापडतं. जिओकॅशिंगमध्ये अंश आणि दशांश मिनिटं लिहितात. गुगल मॅप्समध्ये बहुधा दशांश अंश दिसतात. तिसरी पद्धत अंश-मिनिटं-सेकंदांची. आकडे दिसायला सारखेच, त्यामुळे घोटाळा होतो.

अल्मर यांच्या त्या पहिल्या बादलीचंच उदाहरण घ्या. तिची जागा उत्तर ४५° १७.४६०, पश्चिम १२२° २४.८०० अशी दिली जाते. दशांश अंशांत हेच ४५.२९१०० आणि १२२.४१३३३ होतं. आता कुणी घाईत ४५.१७४६० आणि १२२.२४८०० असं भरलं तर तो सुमारे १८ किलोमीटर आग्नेयेला जाऊन पोहोचेल. अक्षांश ४५° १७ मिनिटं ४६.० सेकंद असे वाचले तर चूक साडेपाचशे मीटरच्या वर. ही दुसरी चूक जास्त वाईट, कारण माणूस त्याच परिसरात असतो आणि तासभर भलत्याच झाडाखाली शोधत राहतो. आणि 'पश्चिम'ऐवजी 'पूर्व' राहून गेलं तर यंत्र तुम्हाला ईशान्य चीनकडे पाठवेल. भारतात वापरलेलं यंत्र अमेरिकेत नेल्यावर हाताने आकडे भरताना हे अक्षर नक्की पाहा.

सेटिंगमध्ये 'पोझिशन फॉरमॅट' उघडून अंश-दशांश मिनिटं निवडा आणि त्याखालचा 'मॅप डेटम' (अक्षांश-रेखांश ज्या चौकटीत मोजले जातात ती) डब्ल्यूजीएस ८४ आहे ना, ते बघा. हाताळलेल्या यंत्रात आधीच्या मालकाने जुन्या कागदी नकाशासाठी दुसरा डेटम ठेवलेला असू शकतो. अमेरिकेतल्या १९२७ च्या डेटमने खूण दहा मीटरपासून शंभर मीटरपर्यंत सरकते. अंदाज म्हणून हेही ध्यानात असू द्या: अक्षांशाच्या मिनिटातला तिसरा दशांश आकडा एकाने बदलला की जागा जवळपास १.८५ मीटरने हलते.

डबे आत कसे शिरणार हे न विचारणं

जुन्या बाजारात पिवळं मूळ ईट्रेक्स स्वस्तात मिळतं आणि मोह होतो. ते २००० सालचं आहे. संगणकाला जोडायला सिरियल केबल लागते, खुणेच्या नावाला फक्त सहा अक्षरं मिळतात, आणि डब्याचं वर्णन, तो शोधायला मदत करणारा इशारा, आधी येऊन गेलेल्यांच्या नोंदी यांतलं काहीच त्यात येत नाही. रानात उभं राहून 'इशारा काय होता?' असं आठवत बसावं लागतं. पहिलं यंत्र जीपीएक्स फाइल वाचणारंच हवं. तीत सगळा मजकूर सोबत येतो.

जिओकॅशिंगच्या साइटवरून जीपीएक्स उतरवणं आणि पॉकेट क्वेरी (निवडलेल्या भागातले डबे एकत्र उतरवणं) या सोयी पैसे भरलेल्या प्रीमियम सदस्यांना मिळतात. एका पॉकेट क्वेरीत १,००० पर्यंत डबे येतात, म्हणजे आठवड्याच्या सहलीचं काम एकदाच होतं. यंत्राच्या किमतीत हे सदस्यत्व धरूनच बजेट ठरवा.

फाइल भरूनही डबे दिसत नसतील तर फाइल यंत्रातल्या 'गार्मिन' फोल्डरच्या आतल्या 'जीपीएक्स' फोल्डरमध्येच गेली आहे का ते पाहा. बाहेर पडलेली फाइल यंत्राला दिसत नाही. संगणकाला यंत्रच दिसत नसेल तर केबल बदला. फक्त चार्जिंगच्या केबलमधून डेटा जात नाही, आणि २२एक्स-३२एक्सला लागणारी मिनी-यूएसबी केबल आता घरात सहसा नसतेच.

यंत्र रस्त्यानेच नेत असेल

नकाशे असलेल्या मॉडेलमध्ये हा हमखास येणारा त्रास. डबा समोरच्या टेकडीवर दोनशे मीटरवर असतो आणि यंत्र तीन किलोमीटरचा वळसा सांगतं, कारण राउटिंग गाडीसाठी लावलेलं असतं. 'डायरेक्ट राउटिंग' निवडा. त्याच जागी 'लॉक ऑन रोड' बंद करा, नाहीतर तुम्ही कुठेही असलात तरी नकाशावरची खूण जवळच्या रस्त्याला चिकटते. मात्र सरळ रेषेत दरी किंवा खासगी कुंपण असू शकतं. वाट नकाशावर बघूनच चाला.

सुरू केल्यावर उपग्रह सापडत नसतील आणि तुम्ही नुकतेच विमानाने दूर आला असाल तर मोकळ्या मैदानात यंत्र शांतपणे ठेवा. आता कुठले उपग्रह डोक्यावर आहेत याची पूर्ण यादी उपग्रहाकडून यायला १२.५ मिनिटं लागतात. खोलीत किंवा गाडीत बसून हे होत नाही.

सेल

पहिल्या यंत्रात पेन्सिल सेल चालणारं मॉडेल घ्या. आतली बॅटरी रानात संपली की पॉवर बँक शोधावी लागते. सेल वाटेतल्या कुठल्याही दुकानात मिळतात. रिचार्जेबल निकेल सेल घालत असाल तर सेटिंगमध्ये बॅटरीचा प्रकार तसाच निवडा. हे सेल १.२ व्होल्टचे असतात, त्यामुळे यंत्र 'अल्कलाइन'वर ठेवलं तर ते अर्धे भरलेले असतानाही संपल्यासारखे दाखवतं. बर्फाळ थंडीत अल्कलाइन लवकर मान टाकतात, तिथे लिथियमचे सेल न्या.

पडदा स्पर्शाचा की बटणांचा, हा प्रश्न पाऊस आणि हातमोजे ठरवतात. बटणं घ्या.

भारतात आणताना मॉडेलचं शेवटचं अक्षर न वाचणं

याबद्दल मला मनापासून काळजी वाटते. जीपीएसमॅप ६६आय, ६७आय, मोंटाना ७००आय अशा नावांच्या शेवटचा 'आय' म्हणजे आत उपग्रहामार्फत संदेश पाठवणारं इनरीच आहे. परवानगीशिवाय असं उपकरण भारतात बाळगणं कायद्याने गुन्हा आहे. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्यातल्या विमानतळावर एका परदेशी प्रवाशाला इनरीच सोबत असल्याबद्दल ताब्यात घेतलं गेलं होतं. अमेरिकेत हेच यंत्र दुकानात सहज मिळतं, त्यामुळे सुट्टीत घरी येताना सॅकमध्ये राहून जातं.

साधं ईट्रेक्स किंवा 'आय' नसलेलं जीपीएसमॅप उपग्रहांकडून फक्त ऐकतं, त्यांच्याकडे काही पाठवत नाही. तरी सुरक्षा तपासणीत विचारणा झाली तर दाखवायला बिल आणि माहितीपुस्तिका जवळ ठेवा. आणि पुण्या-नाशिकच्या भावाने किंवा भाचीने 'येताना एक जीपीएस आण' असं सांगितलं असेल, तर त्यांच्याकडून मॉडेलचं पूर्ण नाव शेवटच्या अक्षरासकट लिहून घ्या आणि दुकानात पेटीवर तेच नाव आहे याची खात्री करूनच पैसे द्या.