शुश्रूषा विभागातील नोंदवही

वृद्धाश्रमाच्या शुश्रूषा विभागात मी रुजू झाले तेव्हा बेडसोर (सतत पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा) होऊ नयेत म्हणून दर 2 तासांनी कूस कशी बदलावी, हे मला शिकवले गेले होते. मात्र चहा घेऊन गेल्यावर एका आजोबांच्या खाटेवर शेजारच्या खोलीतील आजी त्यांचा हात धरून पहुडलेल्या दिसल्या, तर काय करावे, हे कोणी सांगितले नव्हते. मी मागे फिरले आणि नोंदवहीत 'गैरवर्तन' एवढेच लिहिले. त्या शब्दावरून आजोबांच्या मुलाला फोन गेला, आजींची खोली बदलली आणि पुढे कित्येक दिवस त्या जेवायला खाली आल्या नाहीत. म्हणून नव्यांना मी आधी हेच सांगते, की किती वाजता काय दिसले आणि दोघांचे चेहरे कसे होते तेवढेच लिहावे, निवाडा लिहू नये.

स्मृतिभ्रंश असलेले आजोबा चारचौघांत पायजमा सोडू लागले, तर आधी लघवीचा जंतुसंसर्ग, घट्ट नाडी, उकाडा तपासावा. पार्किन्सनच्या (कंपवाताच्या) काही गोळ्यांनीही कामेच्छा अनावर होऊ शकते, तेव्हा डॉक्टरांना कळवावे. स्पंजने अंग पुसताना लिंगाला ताठरता आली, तर चादर ओढून क्षणभर थांबावे. कोणी जाणूनबुजून अंगाला हात लावला, तर मात्र स्पष्ट नकार देऊन वरिष्ठांना सांगावे; ते सोसणे हा सेवेचा भाग नव्हे.

सर्वांत अवघड प्रश्न संमतीचा असतो. स्मृतिभ्रंशाने संमती आपोआप संपत नाही, पण हसरा चेहरा म्हणजेही संमती नव्हे. स्मृतिभ्रंश असलेल्या आजी समोरच्याला आपला दिवंगत पती तर समजत नाहीत ना, आणि नको असल्यास हात बाजूला करतात का, हे अनेकदा, वेगवेगळ्या वेळी पाहावे लागते.

नातेवाइकांचा राग गृहीतच धरू नये. अमेरिकेच्या माजी न्यायमूर्ती सँड्रा डे ओकॉनर यांचे अल्झायमरग्रस्त पती शुश्रूषागृहातील दुसऱ्या स्त्रीत रमले, तेव्हा पतीला आनंदी पाहून आईला बरे वाटते, असे त्यांच्या मुलानेच 2007 मध्ये वाहिनीला सांगितले होते. न्यूयॉर्कमधील रिव्हरडेलच्या हिब्रू होम या शुश्रूषागृहात तर रहिवाशांच्या अशा जवळिकीविषयीचे लेखी धोरण 1995 पासून आहे. आमच्याकडे तसे काही नाही. कोणी आत पडले तर दार उघडता यावे म्हणून खोल्यांना आतून कडीही नाही. त्यामुळे दार वाजवून 'येऊ का?' असे विचारायचे आणि उत्तर येईपर्यंत ट्रे हातात धरून बाहेर उभे राहायचे, एवढी पद्धत आम्ही पाडून घेतली आहे.